बुबुळाच्या काठावरची पेरणी

चुना हा आपल्या घरांतला जुना रहिवासी. आजीच्या पानाच्या डब्यात तो असतो, तंबाखू मळणाऱ्याच्या खिशात डबीतून किंवा चिमुकल्या पुडीतून तो हिंडतो, आणि दिवाळीपूर्वी भिंतींना सफेदी देण्याची चाल जेथे अजून टिकून आहे तेथे तो बादलीत रटरटत असतो. शहरात तयार रंगाच्या डब्यांनी त्याला भिंतीवरून हुसकून लावले, तरी पुडीतले आणि डबीतले आपले ठाणे त्याने सोडलेले नाही. इतक्या परिचयाच्या वस्तूचे भय कोणाला वाटणार? पण डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा. मऊ, फुगीर पुडी पोराच्या हाती लागते. ते ती दोन्ही मुठींत धरून दाबते. पुडी फुटते आणि आतला चुना नेमका डोळ्यांत उडतो. अशी मुले आपल्या देशातल्या नेत्ररुग्णालयांत वर्षानुवर्षे येत आली आहेत.

दिव्यांच्या सणाला हा अंधाराचा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु ह्या अशुभातूनच एक मोठी शुभवार्ता निघाली आहे. चुन्याने, तेजाबाने, फटाक्याच्या दारूने पोळलेले जे डोळे पूर्वी कायमचे गेले असे समजण्यात येई, त्यांतल्या पुष्कळ डोळ्यांना आता पुन्हा दिसू लागते. आणि त्यासाठी लागणारे बी-बियाणे डोळ्यातच, बुबुळाच्या अगदी काठावर, निसर्गाने साठवून ठेवलेले असते. त्या बियाण्याचा शोध कसा लागला आणि त्याची पेरणी कशी करतात, त्याची ही हकीकत.

ओलोमोउत्सचा शेतमजूर

ह्या कथेचा आरंभही चुन्यानेच होतो. आजच्या चेक प्रजासत्ताकात ओलोमोउत्स नावाचे शहर आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी ते ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होते. तेथील नेत्रशल्यविशारद डॉ. एडुआर्ड झिर्म यांच्याकडे एक शेतमजूर आला. चुना उडून त्याचे दोन्ही डोळे पोळले होते व बुबुळे पांढरी पडली होती. त्याच सुमारास एका अकरा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यात लोखंडाचा कण घुसला आणि तो डोळा काढून टाकावा लागला. परंतु त्या डोळ्याच्या दर्शनी भागावरचे पारदर्शक पटल शाबूत होते. ७ डिसेंबर १९०५ रोजी डॉ. झिर्म यांनी त्या पटलाच्या चकत्या कापून मजुराच्या दोन्ही डोळ्यांवर बसवल्या. एका डोळ्यातले कलम फुकट गेले. दुसऱ्यातले जगले, स्वच्छ राहिले, आणि तो माणूस पुन्हा आपल्या कामाला लागला. माणसाच्या डोळ्याचे पटल माणसाला बसवून त्याला दृष्टी आणून देण्याचा जगातला हा पहिला यशस्वी प्रयोग.

पुढे ह्याच वाटेने नेत्रदानाची चळवळ आली, नेत्रपेढ्या आल्या, आणि लाखो माणसांना दृष्टी मिळाली. पण एक विचित्र गोष्ट डॉक्टरांच्या ध्यानात येत राहिली. जंतूंच्या व्रणाने डाग पडलेल्या किंवा जन्मतः सदोष असलेल्या डोळ्यांवर कलम छान जगे. मात्र ओलोमोउत्सच्या त्या मजुरासारख्या, चुन्याने पोळलेल्या डोळ्यांवर ते बहुधा टिकतच नसे. शस्त्रक्रिया निर्दोष, टाके निर्दोष, दात्याचे पटल काचेसारखे स्वच्छ. तरी काही महिन्यांत त्यावर लाल शिरा चढत आणि ते धुरकट होऊन जाई. असे का व्हावे, ह्याचे उत्तर मिळायला जवळजवळ ऐंशी वर्षे लागली.

खिडकीची काच

ते उत्तर समजण्यासाठी आधी डोळ्याची खिडकी नीट पाहिली पाहिजे. आपण ज्याला बुबुळ म्हणतो त्यात खरे म्हणजे दोन गोष्टी येतात. मागे काळा, पिंगट किंवा घारा असा रंगीत पडदा. आणि त्याच्या पुढे, घड्याळाच्या फुगीर काचेसारखे बसलेले पारदर्शक पटल. नेत्रदानात मुख्यतः उपयोगी पडते ते हे पुढचे पटल. डॉक्टर त्याला कॉर्निया म्हणतात. आपल्या परिभाषाकारांनी त्याला ‘स्वच्छमंडल’ असे नाव दिले आहे. शब्द थोडा भारदस्त आहे खरा, परंतु ह्या पटलाचा सारा जीव स्वच्छ राहण्यातच असल्यामुळे तो मोठा समर्पकही आहे.

ह्या स्वच्छमंडलाचा व्यास साडेअकरा मिलिमीटरच्या आसपास, आणि मध्यावर जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. डोळ्यात शिरणारा प्रकाश वळवून आतल्या पडद्यावर नेमका पाडण्याचे जे काम आहे, त्यातले सुमारे दोन-तृतीयांश काम हे एवढेसे पटल करते. ह्यात रक्तवाहिनी एकही नाही. असती तर प्रकाशाच्या वाटेत तिची आडकाठी झाली असती. रक्त नाही तर प्राणवायू कोठून मिळतो? तो थेट हवेतून, अश्रूंच्या पातळ थरात विरघळून येतो. मात्र संवेदनेचे तंतू येथे अतिशय दाट पसरलेले असतात. धुळीचा कण गेला तरी जीव कासावीस होतो, तो म्हणूनच.

स्वच्छमंडलाच्या अगदी वरच्या अंगाला पेशींचे पाच ते सात थर असतात. सगळे मिळून त्यांची जाडी मिलिमीटरच्या विसाव्या हिश्श्याएवढी. वारा, धूळ, धूर आणि मिनिटामिनिटाला होणारी पापण्यांची उघडझाप यांनी हा पापुद्रा सारखा झिजत असतो आणि तितक्याच नेटाने भरून येत असतो. साधारण आठ-दहा दिवसांत तो सगळाच्या सगळा नवा होतो. म्हणजे मागच्या दिवाळीला ज्या पापुद्र्यातून आपण आकाशकंदील पाहिला, त्यातली एकही पेशी आज आपल्या डोळ्यावर नाही! प्रश्न असा की, ह्या नव्या पेशी रोज येतात कोठून?

विरजण कोठे आहे?

ह्याचे उत्तर टप्प्याटप्प्याने मिळाले. १९७१ साली डावांगेर आणि एवेन्सेन या दोघा नॉर्वेजियन संशोधकांच्या नजरेस असे आले की, गडद रंगाच्या डोळ्यांत रंगद्रव्य स्वच्छमंडलाच्या काठाकडून मध्याकडे सरकत जाते. त्यावरून त्यांनी तर्क केला की, नव्या पेशींचे उगमस्थान काठावर असले पाहिजे. १९८६ मध्ये न्यूयॉर्क येथे तुंग-तिएन सन आणि त्यांचे सहकारी यांनी पेशींतल्या एका विशिष्ट प्रथिनाचा माग काढून ह्या तर्काला बळकटी दिली, आणि १९८९ मध्ये असेही दिसून आले की, अगदी सावकाश विभागणाऱ्या, जणू राखीव ठेवलेल्या पेशी फक्त त्या काठावरच आहेत. बुबुळाचे काळे जेथे संपते आणि डोळ्याचे पांढरे जेथे सुरू होते, त्या दोहोंमधली ती बारीक कड, तेच ह्या पेशींचे माहेर.

अशा पेशींना मूलपेशी म्हणतात. त्यांची कामाची रीत आमच्या गृहिणींना चटकन समजेल, कारण ती विरजणाची रीत आहे. रोज रात्री आपण दही लावतो. पण सगळे दही संपवीत नाही, उद्यासाठी चमचाभर विरजण बाजूला काढून ठेवतो. मूलपेशी हेच करते. ती दुभंगली की बहुधा एक भाग नव्या पेशी निर्माण करीत बुबुळाच्या मध्याकडे निघतो, झिजतो, अश्रूंबरोबर वाहून जातो. दुसरा भाग मात्र मूलपेशी म्हणूनच काठावर मागे राहतो. विरजण शाबूत आहे तोवर दही कधी सरत नाही.

येथे सुश्रुताची आठवण होते. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात डोळ्याची पाच मंडले आणि त्यांना जोडणारे सहा संधी सांगितले आहेत. त्यांत शुक्ल आणि कृष्ण ह्या मंडलांचा जोड हा एक वेगळा संधी म्हणून मोजला आहे. आपल्या पूर्वजांना मूलपेशी ठाऊक होत्या, असे ह्यावरून म्हणू लागणे हा शुद्ध अतिरेक होईल. सूक्ष्मदर्शकावाचून त्या कोणाला दिसणार? पण काळे आणि पांढरे यांच्यामधली रेघ ही नुसती रेघ नसून तीही एक जागा आहे, तिलाही नाव द्यावे, एवढे निरीक्षण त्या जुन्या वैद्यांजवळ होते, ह्याचे कौतुक करायला हरकत नाही.

आता डॉ. झिर्म यांच्यानंतरच्या डॉक्टरांना छळणारे कोडे उलगडते. चुना हा अल्क, म्हणजे दाहक क्षार. आम्लाने डोळ्याच्या पृष्ठावरची प्रथिने गोठतात आणि त्या गोठलेल्या थरामुळे आम्लाची पुढची वाट काहीशी अडते. क्षार मात्र पेशींची आवरणे विरघळवीत खोल शिरत जातो. तो काठावर पोचला की विरजणच नासते. मग शेजारचे, डोळ्याच्या पांढऱ्यावरचे पातळ पटल आपल्या रक्तवाहिन्यांसह बुबुळावर चाल करून येते. वडस वाढावे तसे, पण चहूबाजूंनी. डोळा लाल होतो, सतत पाझरतो, उजेड सहन होत नाही, पृष्ठभाग पुन्हा पुन्हा सोलला जातो, आणि अखेरीस जुनी माणसे ज्याला ‘डोळ्यात फूल पडले’ म्हणत तसे होऊन बसते.

अशा डोळ्यावर नेत्रपेढीतले पटल बसवणे म्हणजे घरात विरजण नसताना शेजारणीकडून वाटीभर दही आणण्यासारखे आहे. चार दिवस पुरेल, पुढे काय? कारण नेहमीच्या शस्त्रक्रियेत दात्याच्या पटलाची मधली सात-आठ मिलिमीटरची चकती तेवढी बसवतात. काठ तीत येतच नाही. चकतीवरच्या पेशी झिजून गेल्या की त्यांच्या जागी नव्या पाठवणारे कोणी नसते. रोग ओळखण्यातच चूक होती. काच बदलून भागणार नव्हते, चौकट जळाली होती.

चांगल्या डोळ्याकडे हात

निदान झाले की उपाय सुचतो. एक डोळा जळाला आणि दुसरा चांगला असेल, तर चांगल्या डोळ्याच्या काठावरचा भाग काढून जळालेल्या डोळ्याच्या काठावर लावावा. केनियन आणि त्सेंग या डॉक्टरांनी १९८९ साली अशा शस्त्रक्रियांचा वृत्तांत प्रसिद्ध केला आणि पुष्कळ रुग्णांचे डोळे सुधारल्याचे दाखवले. माणसाचा स्वतःचाच भाग असल्यामुळे शरीर तो परका म्हणून झिडकारीत नाही, हा त्यातला मोठा लाभ.

परंतु ह्या पद्धतीत चांगल्या डोळ्याच्या काठाचा बराच मोठा तुकडा काढावा लागे. आणि येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. तो प्रश्न विज्ञानाचा नव्हे, आईबापांच्या काळजाचा. पोराचा एक डोळा गेलेलाच आहे. आता जो एक उरला आहे त्याला सुरी लावू द्यायची? उद्या त्यालाच काही झाले तर? घरातल्या वडील माणसाने ‘आहे ते राहू द्या’ म्हटले, तर त्याला अडाणी म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. ती भीती वाजवी होती. डॉक्टरांनाही ती होती, आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांचे बहुतेक संशोधन ह्या एका भीतीला उत्तर देण्यासाठीच झाले असे म्हटले तरी चालेल. चांगल्या डोळ्याकडून कमीत कमी काय मागता येईल?

पहिले उत्तर इटलीहून आले. त्याची पूर्वतयारी अमेरिकेत झाली होती. १९७५ मध्ये राइनवाल्ड आणि हॉवर्ड ग्रीन यांनी माणसाच्या कातडीच्या पेशी प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवण्याची रीत बसवली होती. ग्राझिएल्ला पेलेग्रिनी आणि मिकेले दे लुका या इटालियन शास्त्रज्ञांनी ती बुबुळाच्या काठाला लावून पाहिली. चांगल्या डोळ्याच्या काठावरून एक चौरस मिलिमीटर एवढाच कण घ्यायचा, त्यातल्या पेशी बशीत वाढवून त्यांचा पातळ पापुद्रा तयार करायचा आणि तो जळालेल्या डोळ्यावर बसवायचा. रसायनाने पोळलेल्या दोन रुग्णांवरचा हा प्रयोग त्यांनी १९९७ साली जगापुढे मांडला. २०१० मध्ये त्यांचा आणि सहकाऱ्यांचा दुसरा वृत्तांत आला. तो ११२ रुग्णांचा होता. त्यांपैकी काहींवर दहा-दहा वर्षे नजर ठेवलेली होती. ७६.६ टक्के डोळ्यांचा पृष्ठभाग पुन्हा स्वच्छ आणि टिकाऊ झाला होता.

त्या वृत्तांतातली एक गोष्ट विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. बशीत वाढलेल्या सगळ्याच पेशी मूलपेशी नसतात. मूलपेशींची खूण पटवणाऱ्या पेशींचे प्रमाण ज्या पापुद्र्यात ३ टक्क्यांहून अधिक होते तेथे यश ७८ टक्के. ज्यात ३ टक्के किंवा त्याहून कमी होते तेथे अवघे ११ टक्के. पातेलेभर दूध असून काय उपयोग? त्यात जिवंत विरजण किती पडले त्यावर सारे अवलंबून. ह्याच पद्धतीने तयार केलेल्या ‘होलोक्लार’ नामक उपचाराला फेब्रुवारी २०१५ मध्ये युरोपीय संघाने सशर्त मान्यता दिली. मूलपेशींवर आधारलेल्या औषधाला युरोपात मिळालेली ती पहिली मान्यता.

हैदराबादची टोकण

दुसरे उत्तर आपल्या शेजारच्या हैदराबादेतून आले आणि ते अधिक साधे होते. तेथील एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था डॉ. गुल्लपल्ली नागेश्वर राव यांनी १९८० नंतरच्या दशकात उभारली. ज्यांचे नाव संस्थेला दिले आहे ते चित्रपटनिर्माते एल. व्ही. प्रसाद म्हणजे मुंबईच्या ‘आलम आरा’ ह्या १९३१ च्या पहिल्या हिंदी बोलपटात काम केलेले गृहस्थ. त्यांनी संस्थेला जमीन व पैसा दिला. ज्या माणसाने आयुष्यभर लोकांच्या डोळ्यांसाठी चित्रे निर्माण केली त्याचे नाव डोळ्यांच्या रुग्णालयाला असावे, हा योग मोठा उचित.

ह्या संस्थेत डॉ. वीरेंदर संगवान, डॉ. गीता वेमुगंटी, प्रा. डी. बालसुब्रमणियन आदी मंडळींनी २००१ पासून काठाच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून बसवायला सुरुवात केली. जनावराच्या पेशींचा किंवा रक्तद्रवाचा आधार न घेता, रुग्णाच्याच रक्तातला द्रव वापरून त्या वाढवण्याची रीत त्यांनी बसवली. २०११ मध्ये त्यांनी २०० रुग्णांचा, दहा वर्षांचा ताळेबंद मांडला; यश ७१ टक्के होते.

पण अशी प्रयोगशाळा चालवणे म्हणजे पांढरा हत्ती पोसणे. जंतुविरहित खोल्या, तज्ज्ञ माणसे, तपासण्या, आठवड्यांचा वेळ. एवढा सरंजाम किती गावांत उभा राहणार? भाताच्या शेतीत आधी वाफ्यात रोपे करतात आणि मग ती उपटून शेतात लावणी करतात. इटलीची रीत ही अशी लावणीची. हैदराबादच्या डॉक्टरांनी विचार केला की, भुईमुगासारखी सरळ टोकण का करू नये? वाफा म्हणून डोळाच का वापरू नये?

त्यातून निघालेली पद्धत त्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केली. ती अशी: चांगल्या डोळ्याच्या काठावरून साधारण दोन मिलिमीटर लांब व तितकाच रुंद तुकडा काढतात. बुबुळाचा काठ हे घड्याळ मानले, तर बारा तासांपैकी एका तासाएवढा. पोळलेल्या डोळ्यावर चढलेले रोगट पटल सोलून काढतात. त्यावर एक नाजूक, पारदर्शक आच्छादन अंथरतात. हे आच्छादन म्हणजे बाळंतपणात वारेबरोबर बाहेर पडणारे, गर्भाला वेढणारे आवरण. मातेच्या संमतीने आणि तिच्या रक्ताच्या तपासण्या करून ते जपून ठेवलेले असते. जे आपण टाकाऊ म्हणून पुरून टाकतो ते जखम निववणारे आणि पेशींना आधार देणारे ठरले! मग काठाच्या तुकड्याचे आठ-दहा बारीक कण करून ते ह्या आच्छादनावर वर्तुळाकार ठेवतात. अगदी मध्यभाग मोकळा सोडतात, कारण तेथून पाहावयाचे असते. रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांपासून केलेल्या डिंकाने कण चिकटवतात आणि वरून मऊ भिंग बसवतात. प्रयोगशाळा नाही, बशी नाही. एकाच बैठकीत काम पुरे. पुढच्या काही दिवसांत प्रत्येक कणाभोवती नव्या पेशींचे कडे पसरत जाते, कडी एकमेकांना मिळतात आणि डोळा झाकला जातो.

२०१६ मध्ये ह्या टोकणीचा मोठा ताळेबंद आला. १२५ रुग्ण, त्यांत ६५ प्रौढ आणि ६० मुले. यश ७६ टक्के. म्हणजे महागड्या प्रयोगशाळेतल्या पापुद्र्याच्या तोडीस तोड. आता ही शस्त्रक्रिया भारताबाहेरही अनेक देशांत होते. आणि आईबापांच्या त्या जुन्या प्रश्नाला उत्तर मिळाले ते असे: बारा तासांपैकी एकच तास मागतो, अकरा तुमच्या मुलापाशी राहतील, आणि घेतलेल्या जागेची जखम लवकर भरून येईल. अर्थात देणारा डोळा खरोखरीच निरोगी आहे की नाही, त्यालाही चुन्याचा शिंतोडा लागला नव्हता ना, हे डॉक्टर आधी बारकाईने पाहतात, आणि पाहिलेच पाहिजे.

दोन्ही डोळे गेले तर?

चुना एका डोळ्यात उडाला तर दुसरा उसने देईल. पण दोन्ही डोळ्यांत उडाला तर? किंवा एखाद्या औषधाची विषारी प्रतिक्रिया होऊन, स्टीव्हन्स-जॉन्सन नावाच्या दुखण्यात, अंगाबरोबर दोन्ही डोळ्यांचे पृष्ठभाग सोलून निघाले तर? तेव्हा स्वतःचे विरजण उरत नाही.

एक मार्ग रक्ताच्या नात्याचा. भाऊ, बहीण किंवा आई-वडील यांच्या डोळ्याच्या काठाचा लहान तुकडा घेता येतो. परंतु सख्ख्या भावाचे झाले तरी शरीर ते परकेच समजते. ते झिडकारले जाऊ नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे दीर्घकाळ घ्यावी लागतात आणि त्यांचे त्रास सोसावे लागतात. भाऊबीजेची ही ओवाळणी अमोल खरी, पण फुकट पडत नाही.

दुसरा मार्ग जपानी. ओसाका येथील डॉ. कोजी निशिदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये चार रुग्णांच्या गालाच्या आतल्या अस्तराच्या पेशी वाढवून, त्यांचा पापुद्रा करून तो डोळ्यावर बसवला. तोंड आणि डोळा यांचे हे साटेलोटे चमत्कारिक वाटेल, पण दोन्ही ठिकाणचे अस्तर ओलसर व बिनकेसाचे. त्यामुळे ते निभावून जाते.

तिसरा मार्ग सर्वांत विलक्षण. क्योतोचे शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या साध्या, वयात आलेल्या पेशींना पुन्हा बाल्यावस्थेत नेण्याची किमया साधली. अशा पेशींपासून शरीरातली हवी ती पेशी घडवता येते. ह्या शोधाबद्दल त्यांना २०१२ साली सर जॉन गर्डन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. निशिदा यांनी ह्याच पेशींपासून स्वच्छमंडलाचा पापुद्रा तयार केला आणि जुलै २०१९ मध्ये तो पहिल्यांदा एका स्त्रीच्या डोळ्यावर बसवला. एकूण चार रुग्णांवरचा त्यांचा वृत्तांत नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’ ह्या विख्यात वैद्यकीय नियतकालिकात आला. दोन वर्षांच्या देखरेखीत कोणालाही गंभीर अपाय झाला नाही; तिघांची दृष्टी सुधारली आणि सुधारलेली टिकली; चौथ्याची सुधारणा टिकली नाही. चार ही संख्या लहान आहे. तरी ज्याच्या दोन्ही डोळ्यांचे बियाणे नष्ट झाले, त्याच्यासाठी बाहेर बियाणे बनवता येते, एवढे तरी त्यातून दिसले.

अमेरिकेतही बोस्टन येथे डॉ. उला युर्कुनास आणि सहकाऱ्यांनी चांगल्या डोळ्याच्या पेशी वाढवून १४ रुग्णांवर केलेल्या प्रयोगाचा वृत्तांत २०२५ मध्ये दिला. अठरा महिन्यांच्या अखेरीस ७७ टक्के रुग्णांत पूर्ण यश होते. काहींना पुन्हा एकदा पापुद्रा बसवावा लागला, हेही त्यांनी मोकळेपणाने नोंदवले आहे.

आशा आणि भुलावण

एवढे वाचून आजोबांच्या काचबिंदूवर किंवा काकूंच्या मधुमेहाने बिघडलेल्या आतल्या पडद्यावर हा उपाय चालेल का, असे कोणी विचारील. उत्तर स्पष्टपणे दिले पाहिजे: नाही. काठाच्या मूलपेशी डोळ्याचा दर्शनी पृष्ठभाग तेवढा भरून काढतात. मोतीबिंदू, काचबिंदू, आतल्या पडद्याचे रोग हे वेगळे प्रांत. पृष्ठभागाच्या रोगातही पापण्या वाकड्या झालेल्या असतील, अश्रू आटले असतील, तर आधी त्यांची व्यवस्था लावावी लागते. कोरड्या जमिनीत पेरणी करून काय उगवणार? आणि जळणे खोलवर गेले असेल, तर पृष्ठभाग स्थिर झाल्यावर, काही महिन्यांनी, नेत्रपेढीतले पटल बसवावे लागते. विरजण घरात असल्यामुळे ते आता टिकण्याची आशा बरीच वाढते. म्हणून ह्या शोधामुळे नेत्रदानाची गरज संपली असे समजू नये. दान केलेल्या डोळ्यांचे आता अधिक चीज होते, एवढाच त्याचा अर्थ.

‘मूलपेशी’ ह्या शब्दाला आज बाजारात मोठा भाव आला आहे, आणि जेथे भाव तेथे भामटे. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातल्या एका दवाखान्यात, आतल्या पडद्याच्या रोगाने नजर अधू झालेल्या तीन स्त्रियांच्या डोळ्यांत त्यांच्याच पोटाच्या चरबीतून काढलेल्या तथाकथित मूलपेशी टोचण्यात आल्या. दोन्ही डोळ्यांत, एकाच दिवशी. तिघींची होती ती दृष्टीही जवळजवळ गेली. २०१७ मध्ये डॉक्टरांनीच हा प्रकार उजेडात आणला. चाळीस रोगांवर एकच इंजेक्शन देऊ म्हणणाऱ्याला एवढेच विचारावे: कोणत्या पेशी, कोठून घेतल्या, किती रुग्णांवर वापरल्या, आणि किती वर्षे त्यांची विचारपूस ठेवली? ज्यांचे काम खरे आहे त्यांनी आपले अपयशही शेकड्यात मोजून छापले आहे. वर दिलेले ७१, ७६, ७७ हे आकडे पाहा. शंभर कोणीच म्हटलेले नाही.

आणि सरतेशेवटी आपल्या हातातली गोष्ट. कोणतीही शस्त्रक्रिया कितीही कौशल्याची असली, तरी निसर्गाने दिलेल्या काठाची सर तिला नाही. तो काठ वाचवण्याची वेळ फक्त पहिल्या काही मिनिटांची असते आणि त्या वेळी जवळ डॉक्टर नसतो, आई असते. चुना, तेजाब, मोरी साफ करण्याचे औषध, काहीही डोळ्यात गेले की तत्काळ नळाखाली किंवा तांब्याने स्वच्छ पाण्याची धार धरावी. पापण्या बोटांनी उघड्या धराव्यात. निदान पंधरा ते तीस मिनिटे धुणे थांबवू नये. पापणीखाली अडकलेले चुन्याचे कण धुऊन निघतील असे पाहावे. आणि मग पळत नेत्रतज्ज्ञाकडे. चुन्याला पाणी लागले की तो तापतो, म्हणून पाणी घालू नका, असे सांगणारे शहाणे भेटतात; त्यांचे ऐकू नये. थेंबभर पाणी आणि वाहती धार यांत फरक आहे. डोळा चोळू नये. तूप, मध, दूध, गुलाबपाणी, आंबट म्हणून लिंबू, असले काहीही घालू नये. ते शोधण्यात जो वेळ जातो त्यात काठ जळून जातो.

चुन्याची पुडी आगपेटीसारखीच उंच फळीवर ठेवावी, पोराच्या हाती खेळायला देऊ नये. फुसका निघालेला फटाका वाकून पाहू नये. ह्या सूचनांना काही मोल पडत नाही. प्रयोगशाळा लागत नाही, हैदराबादला जावे लागत नाही. पणत्या लावताना घरातल्या लहानग्यांच्या डोळ्यांत त्यांचे प्रतिबिंब पडलेले आपण पाहतो. ते ज्या काचेत पडते ती काच रोज नवी करणारे मुठभर विरजण तिच्या काठावर गपचूप काम करीत असते. ते सांभाळावे. आणि दुर्दैवाने नासलेच, तर आता सगळे संपले असे समजून पोराला घरी बसवू नये. एका तासाएवढे बियाणे पुष्कळ वेळा पुरते.